बिनखळीचं कापड

मिहीर आणि केतकी,

मायआजी गेल्याची तार तुम्हाला वेळेवर मिळाली, त्यामुळे ती बातमी मी पुन्हा सांगत बसत नाही. परवा शुक्रवारी त्यांची तेरवी झाली आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी तुमच्या बाबांचा ट्रंक कॉल लागला. ते म्हणाले, "आई, ते दोन गिनीपिग आता प्रयोगशाळेतल्या काकांना परत देऊन टाक. मी त्यांना कळवलंय, रविवारी येतील. रोजचं धुणं, वाळवणं तुझ्या एकटीच्यानं होणार नाही." मागून केतकीचा आवाज आला, "आजी, चिंगीला काय झालं?" आणि लाइन तुटली.

केतकी, चिंगीला काहीही झालेलं नाही. कपाशीलाही नाही. आज रविवार आहे, ते काका येऊन गेले, आणि त्यांना मी काय उत्तर दिलं ते तुम्हा दोघांना कळायला हवं, म्हणून आजच लिहायला बसले. पण ते उत्तर समजायचं तर पिंजऱ्यातला बिछाना इतके दिवस कोणी आणि कसा स्वच्छ ठेवला ते आधी समजायला हवं. ते तुमच्यापेक्षा तुमच्या मायआजींशी बोलायचं आहे. तुम्ही जवळ बसून ऐका. मोठी माणसं बोलत असताना मागच्या पायरीवर बसून ऐकायचात तसं.

विहीणबाई,

तुमची सुमन माझ्या घरात सून म्हणून आली तेव्हा आपल्या दोघींचं एका गोष्टीवर पूर्ण एकमत होतं. हे लग्न व्हायला नको होतं. तुमचं हातमागाचं घर, आमचं कचेरीत लेखण्या झिजवणाऱ्यांचं. पोरांनी नोंदणी करून टाकली आणि आपण दोघी दोन गल्ल्यांच्या अंतरावर आपापल्या घरी रुसून बसलो. नातवंडं झाली तसा राग ओसरला, पण परकेपणा गेला नाही. तुम्ही पुढच्या दारानं यायच्या, खुर्चीच्या कडेवर बसायच्या, अर्धा कप चहा घ्यायच्या आणि "येते विहीणबाई" म्हणून उठायच्या. मी तुम्हाला फाटकापर्यंत पोचवायची. त्या भेटींत आपण हवेबद्दल बोलत असू.

मग मुलं कॅनडाला गेली. प्रयोगशाळेतल्या काकांनी मुलांना दिलेल्या गिनीपिगांचा पिंजरा माझ्या मागच्या व्हरांड्यात राहिला. महिना झाला नसेल, एका सकाळी मागच्या फाटकाची कडी वाजली आणि तुम्ही आत आलात, पदर खोचलेला.

"सुमीचं पत्र आलं," तुम्ही म्हणालात. "म्हणते, माय, जनावराकडे पाहजो."

"केतकीनं मला सांगितलंय," मी म्हटलं. "मी पाहतेच आहे."

"पाहून राहिल्या तं वास काहून येऊन राहिला वं विहीणबाई?"

इतक्या वर्षांत माझ्या घरात उभं राहून माझ्या स्वच्छतेवर कोणी बोट ठेवलं नव्हतं. मी बत्तीस वर्षं शाळेत शास्त्र शिकवलं होतं. मी तुम्हाला सांगितलं की पिंजऱ्यातला वर्तमानपत्राचा कागद मी रोज सकाळी बदलते, आठवड्यातून एकदा ट्रे फिनेलनं पुसते. तुम्ही पिंजऱ्यासमोर सरळ जमिनीवर बसलात, हात आत घातलात आणि चिंगीला उचलून तिचं पोट मला दाखवलंत. पिवळं, ओलं.

"कागद बदलता येते, धुता येत नाही. याहीले कापड पाहिजे."

तिथून आपल्या भांडणाला सुरुवात झाली, आणि मला सांगायला हवं की तिथूनच आपली ओळखही झाली.

कापड कुठलं, तर मुलांची दोन पांघरुणं. त्यांचे बाबा पहिल्यांदा एकटेच तिकडे गेले होते तेव्हा त्यांनी पाठवलेली, तिकडे नव्यानं निघालेल्या फ्लीस नावाच्या कापडाची. दिसायला लोकर, पण लोकर नव्हे. नागपुरात त्यांची गरज पडायची ती फार तर डिसेंबर-जानेवारीत, पण मुलांना ती इतकी आवडायची की मे महिन्यातही उशाशी हवी असायची. मुलं गेल्यावर मी ती धुऊन, डांबराच्या गोळ्या घालून ट्रंकेत ठेवली होती. तुम्ही मागितलीत तेव्हा मी नाही म्हटलं.

"त्या आठवणी आहेत, विहीणबाई."

"आठवणीले कसर लागते," तुम्ही म्हणालात. "काढा."

मी काढली. आजही मला कळत नाही की मी का काढली. तुम्ही एकाचं टोक अंगठा आणि बोटाच्या मध्ये धरून चोळलंत, उजेडाकडे धरलंत, आणि नाक मुरडलंत. "हे विणेलच नाही. याले ताणा नाही, बाणा नाही. यंत्रानं नुसतं गुतवून वरतून विंचरलं हाय." मग घरून आणलेल्या मोठ्या कात्रीनं ते पिंजऱ्याच्या मापाचं कापलंत. दुसरं मी पटकन उचलून बाजूला ठेवलं. ते कापड उसवत नाही, त्याला शिवण लागत नाही, हे आपल्या दोघींनाही लगेच दिसलं. तरी तुम्ही प्रत्येक तुकड्याला चारी बाजूंनी टीप घातलीत. मी विचारलं, कशाला? तुम्ही म्हणालात, "उघड्या काठाचं कापड माह्या हातून कोणाच्या घरात गेलं नाही. जनावराच्या घरात काहून जाईन?"

पहिले काही दिवस ते कापड नालायक ठरलं. पाणी वरच राहायचं, आत जायचंच नाही. मग धुऊन धुऊन त्याच्या अंगावरचं काय ते गेलं आणि एका सकाळी बिछान्याचा वरचा थर कोरडा निघाला. कापडानं ओल खाली सोडली होती, आणि खाली आपण घातलेल्या जुन्या धोतराच्या घडीनं आणि त्याखालच्या गोणपाटानं ती पिऊन घेतली होती. तुम्ही हात फिरवला, मी हात फिरवला. त्या दिवशी तुम्ही चहा पूर्ण कप घेतलात, आणि तोही व्हरांड्यातच, जमिनीवर बसून.

त्यानंतर कामाची पद्धत बसली. मला पद्धत आवडते, हे तुम्ही सगळ्या गल्लीला सांगून ठेवलं होतंच. आधी चिंगी आणि कपाशीला टोपलीत ठेवायचं. मग तुकडा चारी कोपऱ्यांनी उचलून बागेत नेऊन झटकायचा, म्हणजे लेंड्या झाडांना मिळतात. मग कोरड्या ब्रशानं घासाच्या काड्या आणि केस काढायचे. हे कोरडं काम पूर्ण झाल्याशिवाय पाणी लावायचं नाही, कारण ओले केस कापडात रुततात ते निघत नाहीत. मग साधा साबण, दोनदा स्वच्छ पाणी, आणि ऊन. ट्रेवर पांढरा थर बसायचा, तो माझ्या फिनेलनं कधीच निघाला नव्हता. तुम्ही चिंचेचा कोळ लावून तो पितळी तांब्यासारखा घासून काढलात आणि माझी फिनेलची बाटली उचलून संडासात नेऊन ठेवलीत. "त्याहीचं नाक जमिनीला टेकेल असते," म्हणालात. मी बाटली परत आणली. तुम्ही परत नेली. अखेर ती तिकडेच राहिली.

मग पावसाळा आला आणि माझ्या तारेवर काही वाळेना. तुम्ही म्हणालात, तुकडे मी घरी नेते, आमच्या समोरच्या खोलीत मागाच्या दांडीवर सुकतात. तो माग तुमचे यजमान गेल्यापासून बंद होता. त्यावर घोंगड्या, छत्र्या आणि नातवाची दप्तरं टांगलेली असत. मी हो म्हटलं. तुम्ही संध्याकाळी तुकडे न्यायच्या, सकाळी आणायच्या, घडी घातलेले, काठाला काठ लावलेले. दिसायला इतके नीट की मला बरं वाटायचं. हाताला ते ताठ लागत होते. मला वाटलं, छान वाळलेत.

चिंगी लंगडायला लागली तेव्हा मी तिला उलटी धरून पाहिलं. मागचा तळपाय लाल, सोललेला. ती खात नव्हती. काकडीचा तुकडा तोंडाशी धरला तरी मान फिरवायची. केतकीला मी शब्द दिला होता की ती परत येईल तेव्हा चिंगी तिला ओळखेल. मी तुम्हाला बोलावून घेतलं. तुम्ही पाय पाहिलात आणि तुमचा चेहरा उतरला. त्या क्षणी आपल्यापैकी कोणालाही कारण ठाऊक नव्हतं.

मी बिछान्यावर हात ठेवला. वरून ओला. थर उचलला, तर खालचं धोतर कोरडं ठणठणीत. म्हणजे ओल खाली जातच नव्हती. तुम्ही त्याच सकाळी आणलेला तुकडा घेतला, चमच्यानं त्यावर पाणी सोडलं. पाणी थेंबासारखं उभं राहिलं. मग ट्रंकेतून दुसरं, न कापलेलं पांघरूण काढलं. तेही आपण पहिल्यासोबत पुन्हा पुन्हा धुऊन ठेवलं होतं, पण माझ्याकडे. त्यावर चमचाभर पाणी सोडलं. ते दिसेनासं झालं.

"तुम्ही याला काय लावता?" मी विचारलं.

"काय लावणार? साबण."

"आणि?"

"आणि खळ." तुम्ही इतक्या सहज म्हणालात, जणू मी विचारलं होतं की धुतल्यावर पिळता का. "कापड हाय ना ते? खळीबिगर कापड कसं ठेवाव माणसानं?"

तांदळाची खळ. तुमच्या घरी सूत मागावर चढायच्या आधी खळ पितं, नाहीतर ते तुटतं. तुमचं लुगडं, मुलाचा सदरा, उशीचा अभ्रा, पंचा, सगळ्याला खळ. गल्लीत तुमच्या घरचे कपडे ओळखू यायचे ते त्यावरूनच. तुम्ही गिनीपिगांचे तुकडे घरच्या कपड्यांतच बुडवले होते. वेगळे काढले नाहीत. तो तुमच्याकडून दिलेला मानच होता. खळीनं त्या कापडाची सगळी भोकं बुजली, आणि तो मान चिंगीच्या तळपायाला लागला.

मी शास्त्राची शिक्षिका. मी चमच्याचा प्रयोग तुम्हाला परत करून दाखवला. तुम्ही पाण्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, "पाणीबी तुमचंच ऐकते वाटते."

"विहीणबाई, हे खळीमुळे आहे."

"नवं कापड होतं तवाबी पाणी उभंच राहे. तवा खळ कोणं टाकली होती? कापडच खोटं हाय. ताणा नाही, बाणा नाही."

नव्या कापडाच्या अंगावर काय असतं ते मला आजही नक्की सांगता येणार नाही. दुसऱ्या दिवसापासून तुकडे मऊ आले. चिंगीच्या पायाला आपण दोघींनी आळीपाळीनं खोबरेल लावलं, गोणपाटावर जुन्या पंचाची आणखी एक घडी घातली, आणि दिवाळीच्या सुमाराला ती फाटकाची कडी वाजताच पुन्हा शिट्टी मारायला लागली. पण तुमचं म्हणणं तुम्ही सोडलं नाही. भांडण कशावरूनही सुरू होवो, ते तिथेच येऊन थांबायचं. भाजी खारट झाली तरी तुम्ही म्हणायच्या, "हो, आता तिच्यातबी माही खळ पडली असन." मी म्हणायची, एकदा तरी माना. तुम्ही म्हणायच्या, "मी मानली तं तुमी मंग भांडसान कोणाशी?"

खरं आहे. भांडायला दुसरं कोणी नाही.

गेल्या महिन्यात त्या सकाळी तुम्ही आलात, तुकडे धुतलेत, तारेवर घातलेत. छातीत जरा जड वाटतं म्हणालात. मी डॉक्टरांकडे चला म्हटलं, तर म्हणालात, "दुपारी घड्या घालाले येते, तवा पाहू." दुपारी तुम्ही आला नाहीत. मी खिडकीतून तुकडे पाहत होते आणि मनात चिडत होते, की वाळलेलं कापड उगाच उन्हात राहिलं तर विटतं. ऊन उतरायच्या वेळेला तुमचा मुलगा आला. पुढच्या दारानं आला, तेव्हाच मला कळलं.

त्यानंतरचे दिवस मी पिंजरा एकटीनं सांभाळला. झटकणं, ब्रश, साबण, ऊन. माझे गुडघे जमिनीवर बसू देत नाहीत, म्हणून पिंजरा स्टुलावर घेतला. कडी आता दूधवाला वाजवतो. चिंगी आणि कपाशी त्याच्यावरही शिट्ट्या मारतात, मग तो पुढे निघून जातो आणि त्या गप्प होतात. पहिल्या आठवड्यात मला ते सहन होत नव्हतं. आता मी त्या वेळेला तिथे उभी राहते आणि त्यांना काकडी देते.

तेरवीच्या दिवशी मी तुमच्या घरी आले. पानं उठल्यावर तुमची सून मंदा मला समोरच्या खोलीत घेऊन गेली. मागावरच्या छत्र्या आणि दप्तरं काढलेली होती. मागावर ताणा चढलेला होता, अर्धवट विणलेला.

"आत्याबाई दिवाळीपासून दुपारी बसत होत्या," मंदा म्हणाली. "आमी म्हटलं, या वयात काहून खटखट करून राहिल्या? तं म्हणे, चिंगीचं लुगडं विणून राहिली. कोणाले सांगायचं नाही, विहीणबाईले तं मुळीच नाही."

तिनं माझ्या हातात एक गाठोडं दिलं. त्यात जाड सुताचे सहा तुकडे होते. पिंजऱ्याच्या मापाचे, धोतराच्या घडीच्या जागी घालायचे. चारी काठ दुमडून टीप घातलेले. मी एक उचलला. तो मऊ होता.

"हे इतकं मऊ कसं?" मी विचारलं.

"कसं म्हंजे? मागावरून काढलं का गरम पाण्यात टाकत. धुवत, पिळत, पुन्हा टाकत. सगळी खळ काढली त्याहीनं. मी म्हटलं, आत्याबाई, अशानं कापडाचा जीव जाईन. तं म्हणे, जाऊ दे." मंदा हसली आणि मग रडली. "अन् वं, चमच्यानं पाणी टाकून पाहत होत्या. अंगणात बसून. प्रत्येकावर."

विहीणबाई, तुम्ही मानलं होतंत. तुम्ही ते मला सांगणार नव्हतात. नातवंडं परत आल्यावर कदाचित त्यांच्यासमोर गाठोडं माझ्या पुढ्यात टाकून, तुम्ही फक्त चहा मागितला असतात. मी घरी येऊन एका तुकड्यावर चमचाभर पाणी सोडलं. ते क्षणात गेलं. मी तिथेच, स्टुलाशी उभी राहून म्हटलं, "बरोबर आहे." शाळेत मुलांच्या वहीवर लिहायची तसं. ऐकायला चिंगी आणि कपाशी होत्या.

आणि मी जे कधी म्हटलं नाही तेही आता म्हणून टाकते. नव्या कापडाबद्दल तुमचं बरोबर होतं. माझ्या फिनेलबद्दल तुमचं बरोबर होतं. ट्रंकेतल्या पांघरुणांबद्दल तुमचं सगळ्यात बरोबर होतं. ती डांबराच्या गोळ्यांत राहिली असती तर तुम्ही माझ्या घरात मागच्या दारानं कधी आलाच नसतात. मागचं दार घरच्यांचं असतं. इतकी वर्षं मी तुम्हाला विहीणबाई म्हटलं. तुमचं नाव शेवंता आहे, आणि मला ते आवडतं, हे तुम्हाला सांगायचं राहिलं.

आज सकाळी प्रयोगशाळेतले काका आले. भला माणूस आहे. हातात तारेची टोपली होती. "द्या बाई," म्हणाले, "तुमच्या मुलाचा निरोप मिळाला. तिकडे यांच्या खाण्यापिण्याची सोय आहे."

"तिकडे यांच्या अंगाखाली काय असतं?" मी विचारलं.

"अंगाखाली? जाळी. साफ करायला सोपी पडते."

"आणि सोय कशासाठी असते?"

त्यांनी हातातली टोपली खाली ठेवली. प्रयोगांसाठी, हे उत्तर त्यांनाही बोलायला आवडलं नसतं. मग म्हणाले, "पण बाई, तुमच्या एकटीच्यानं होईल का हे? तुमच्या विहीणबाई होत्या तेव्हा ठीक होतं."

मी त्यांना चहा दिला आणि बसायला सांगितलं. मग त्यांच्यासमोर चिंगी आणि कपाशीला टोपलीत ठेवलं. त्यांच्या नव्हे, आपल्या बांबूच्या. तुकडा चारी कोपऱ्यांनी उचलला, बागेत झटकला, ब्रशानं केस काढले, बादलीत टाकला. ट्रेला चिंच लावली. गोणपाट घातलं, त्यावर तुमचं सुती कापड, त्यावर काल वाळलेला फ्लीसचा तुकडा. हातानं सपाट केला. मला वेळ लागला. पूर्वीपेक्षा बराच लागला. ते पाहत होते. चहा निवला तरी पाहत होते. शेवटी त्यांनी टोपली उचलली आणि रिकामीच नेली. फाटकाशी थांबून म्हणाले, "जाड सुताचं ते कापड कुठून आणलंत? आमच्याकडे तसं मिळालं तर बरं होईल."

मी म्हटलं, "ते आमच्या घरचं आहे."

मिहीर, केतकी, तुमच्या बाबांना सांगा की मी नाही म्हटलं. मंदा बुधवारी आणि शनिवारी दुपारी घड्या घालायला येते म्हणाली आहे. तिला मी येताना मागचं दार वापरायला सांगितलं आहे. मागावरचं उरलेलं ती पुरं करणार आहे. पहिल्यांदा ती खळ काढायला विसरेल, कारण त्या घरात संसार केलेल्या माणसाला ते सुचतच नाही. मी चमचा तयार ठेवला आहे.

पिंजरा मागच्या व्हरांड्यात आहे. चिंगीचा पाय बरा आहे. कपाशी जाड झाली आहे. मायआजींनी विणलेले सहा तुकडे आहेत, आणि आजचा बिछाना कोरडा आहे.